ब्लॉकचा प्लग उडाला, गाडी उभी राहिली: वाचकांचे प्रश्न, मेस्त्रींची उत्तरं

मागच्या अंकात इंजिन तापण्यावर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर निघाली. इंजिनाच्या ब्लॉकच्या (सिलिंडर ज्यात असतात तो ओतीव भाग) कडेला जे गोल पत्र्याचे प्लग ठोकलेले असतात, कोणी कोअर प्लग म्हणतं, कोणी वॉटर प्लग, कोणी फ्रीज प्लग, ते गळतात नाहीतर सरळ उडून जातात आणि सगळं पाणी रस्त्यावर. ऐन सीझनात गाडी उभी राहिली की हप्त्याचं काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, म्हणून ह्या वेळची सगळी जागा ह्याच विषयाला देतोय.

मेस्त्री, नमस्कार. माझी दहा चाकी गाडी जानेवारीत माल घेऊन श्रीनगरला गेलेली. वाटेत पंजाबात होज फुटला, ड्रायव्हरनं होज बदलून नळाचं पाणी भरलं. पुढं बर्फामुळं काझीगुंडला गाड्या अडकल्या, रात्रभर इंजिन बंद. सकाळी बघतोय तर सेल्फच्या वरचा ब्लॉकचा एक प्लग बाहेर आलेला आणि आत बर्फ दिसालाय. तिथल्या मेस्त्रीनं रबराचा प्लग बसवून दिला, त्यावरच गाडी निपाणीला आली. आता बरी चाललीय तर तसंच ठेवू का? ड्रायव्हर म्हणतोय प्लग उडतो म्हणूनच ब्लॉक वाचतो, ते त्यासाठीच असतात. खरं काय?
ट्रकमालक, निपाणी

मालक, ड्रायव्हर जे सांगतोय ते सगळ्या ढाब्यांवर ऐकायला मिळतं, पण त्यावर विसंबून गाडी थंडीत सोडू नका. ती भोकं बर्फासाठी ठेवलेलीच नसतात. आपल्या उद्यमबागेत नाहीतर मच्छेला कुठल्याही फाउंड्रीत जाऊन बघा, ब्लॉक ओतताना आत पाणी फिरायला जी पोकळी लागते तिच्या आकाराचा वाळूचा कोअर करून साच्यात ठेवतात, तो मध्ये अधांतरी तर राहू शकत नाही, त्याला कडेनं आधार द्यावा लागतो, आणि जिथं आधार दिला तिथं ओतकामात भोक राहतं. नंतर त्याच भोकातून आतली वाळू झाडून काढतात. मग भोक मशीनवर गोल करून त्यात पत्र्याचा प्लग दाबून बसवतात, एवढंच त्याचं काम.

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. ते फुगताना प्लगच्या जवळ जागा मिळाली तर प्लग बाहेर ढकलला जातो, तुमच्या गाडीला झालं तसं, पण दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद जागेत किंवा हेडात, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, बर्फ धरला तर प्लग जागच्या जागी आणि ब्लॉकला मात्र चीर, असंही होतं. दोन्ही एकदमही होतं, प्लगही उडालेला आणि ब्लॉकही गेलेला. म्हणून प्लग उडाला म्हणजे ब्लॉक वाचला असं धरून चालू नका, आधी तपासून घ्या.

तपासायचं असं. इंजिन पूर्ण थंड असताना डिपस्टिक काढून तेल बघा, दुधाळ दिसलं किंवा पातळी वर चढलेली असली तर गाडी चालूच करू नका. तेल स्वच्छ असेल तर रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा, तो हातपंप असतो, बेळगावात ऑटोनगरला चांगल्या गॅरेजात मिळतो. टोपणावर जो प्रेशरचा आकडा छापलेला असतो तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काट्याकडं बघत बसायचं. काटा खाली आला आणि बाहेर कुठंच थेंब नाही तर पाणी आत कुठंतरी जातंय. हातबॅटरी घेऊन ब्लॉकच्या दोन्ही बाजू, हेडच्या कडा, ऑइल कूलरचं घर, वॉटर पंप, एअर कॉम्प्रेसरचं हेड, सगळं नीट बघा, कारण बर्फानं ह्यातलं काहीही फुटू शकतं.

रबराचा प्लग मात्र ठेवू नका. बोल्ट आवळला की रबर फुगून भोक बंद करतं, चांगली युक्ती आहे, पण गरम पाणी, तेल आणि हादरे ह्यात रबर हळूहळू सैल पडतं आणि एक दिवस ऐन घाटात सुटतं. तुमच्याकडं तवंदी घाट घराजवळच आहे, तिथं सुटला तर कसं होईल ते तुम्हीच बघा. पत्र्याचा नवा प्लग बसवा आणि त्या बाजूचे बाकीचे प्लगही त्याच खेपेला बदला, बर्फानं त्यांनाही ढकललेलं असतंच, दिसायला जागेवर असतात पण पकड गेलेली असते.

आता मूळ चूक कुठं झाली ते सांगतो, ती ड्रायव्हरची एकट्याची नाही. होज फुटल्यावर नळाचं पाणी भरलं तेव्हा इंजिनात जे कूलंट उरलं होतं ते पातळ झालं. कूलंटमधलं ग्लायकॉल, म्हणजे गोठू न देणारं रसायन, निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर ते साधारण उणे ३६-३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही, ४० टक्के असेल तर उणे २४ च्या आसपास, आणि ३० टक्क्यांवर आलं की उणे १५-१६ लाच गोठायला लागतं. त्याहून पातळ झालं तर विचारायलाच नको. काश्मीरात २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडीचा काळ, असतो, तेव्हा तिकडं गाडी पाठवायची तर ड्रायव्हरच्या पेटीत कूलंटचा एक कॅन जादा ठेवा आणि वरून पाणी भरावंच लागलं तर नंतर मोजून घ्यायला सांगा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर येतो, एक थेंब काचेवर टाकायचा आणि डोळा लावून आकडा वाचायचा, लहान पोराला पण जमेल. आणि एक, काहीजण जास्त थंडी म्हणून पाणी न घालता नुसतं ग्लायकॉल भरतात, ते करू नका, नुसतं ग्लायकॉल उणे १२-१३ लाच गोठतं, पाण्यात मिसळल्यावरच त्याला ताकद येते.

आमचा टिप्पर खडी घेऊन खानापूर ते चोर्ला घाट असा चालतो. इथं कुठला बर्फ नाही काय नाही, तरी दिवाळीपासून दोनदा तोच प्लग उडाला. मेस्त्री नवीन ठोकून देतोय, थोडे दिवस चालतं, परत तेच. आता तिसऱ्यांदा म्हणालाय की ह्या वेळी वेल्डिंगच मारतो. मारू देऊ काय?
टिप्परमालक, खानापूर

नका मारू देऊ. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो, प्लगच्या कडेला वेल्डिंग मारलं की तिथंच ब्लॉकला चीर जायची भीती, मग प्लगच्या किमतीत जे सुटलं असतं ते ब्लॉकवर जाईल. आणि समजा वेल्डिंग धरलं, तर दाब दुसरीकडून बाहेर पडेल. तुमचा आजार प्लगमध्ये नाही भाऊ, दाबात आहे. जुना प्लग गंजून झिरपतो ते वेगळं आणि नवा प्लग उडून बाहेर पडतो ते वेगळं. नवा दोनदा उडाला म्हणजे एकतर तो बसवलाच चुकीचा, त्याबद्दल खाली एका पोराला उत्तर दिलंय ते वाचा, नाहीतर आत कुठून तरी जादा दाब येतोय.

पहिलं टोपण बघा, सगळ्यात स्वस्त तेच. टोपणात एक प्रेशरची झडप असते आणि एक उलटी, थंड झाल्यावर आत ओढायची. प्रेशरची झडप गंजून चिकटली की दाब सुटत नाही. उलटी चिकटली की थंड झाल्यावर वरचा होज आत ओढून चपटा होतो, ते सकाळी डोळ्यानं दिसतं. टोपण बदलताना कंपनीनं जेवढं प्रेशर दिलंय तेवढंच घ्या, दुकानदार चालतंय की म्हणून जास्तीचं देतो, ते चालत नाही.

टोपण ठीक असेल तर इंजिन थंड असताना टोपण काढून, पाणी तोंडापर्यंत भरून इंजिन चालू करा आणि तोंडाकडं बघत उभं राहा. बुडबुडे सारखे येत राहिले, अॅक्सिलरेटर दिला की वाढले, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील), हेडची चीर किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी) ह्यातलं काहीतरी गेलंय, जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. हे सगळ्या मेस्त्रींना माहीत असतं. पण ट्रकला अजून एक जागा आहे जिच्याकडं फार थोडे बघतात, ती म्हणजे ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. बऱ्याच ट्रकांत कॉम्प्रेसरचं हेड इंजिनाच्याच पाण्यावर थंड होतं, त्याचं गॅस्केट गेलं किंवा हेड तडकलं की ब्रेकची हवा सरळ पाण्यात शिरते. ब्रेकच्या हवेचं प्रेशर ८ बारच्या आसपास असतं आणि रेडिएटरचं टोपण असतं जेमतेम १ बारचं, मग कुठलातरी कमजोर प्लग उडणारच की.

हे ओळखायची खूण सोपी आहे. चाकाला उटी (अडवायचा ठोकळा) लावून, सपाट जागी, आधी एअर टँकची सगळी हवा काढून टाका म्हणजे कॉम्प्रेसरला पहिल्यापासून काम करावं लागेल. मग इंजिन चालू करून पाणी बघा. टँक भरेपर्यंत बुडबुडे येतायत आणि टँक भरून कॉम्प्रेसर सुटला, तो फुस्स आवाज येतो ना, त्यानंतर बुडबुडे थांबले, तर हेड गॅस्केट खोलायची गरजच नाही, कॉम्प्रेसर खोला. अजून एक खूण, एअर टँकचा खालचा कॉक उघडल्यावर जे पाणी पडतं त्यात कूलंटचा रंग दिसला तर शंकाच नको, इंजिन बंद असताना पाणी उलटं त्याच वाटेनं टँकात गेलेलं असतं. असं असेल तर गाडी घाटात न्यायची नाही, कारण ते पाणी ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जातं, मग प्रश्न फक्त इंजिनाचा राहत नाही. बीएस-४, बीएस-६ ह्या धुराच्या नियमांची गाडी असेल तर ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला धूर गार करणारा कूलर, पण तपासायला सांगा, तो आतून फुटला तरी सायलेन्सरचा गॅस पाण्यात येतो.

गाडी गरम असताना टोपण उघडायचं नाही, हे क्लीनर पोरांना रोज सांगा. चेहऱ्यावर, हातावर भाजलेली पोरं बघितली की जीव तुटतो.

आमच्या मालकांची उसाची गाडी आहे, सीझनात कारखान्यावर रांगेत दोन-दोन दिवस उभी असते. पाणी कमी झालं की शेतातल्या बोअरचं भरतात. मी म्हटलं कूलंट घाला तर म्हणतात आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय, पैसे कशाला घालवायचे. प्लगभोवती पांढरं-तांबडं साचलंय ते मी स्वतः बघितलंय. त्यांना कसं पटवू?
एक वाचक भगिनी, अथणी तालुका

वहिनी, तुम्ही जे बघितलंय तेच दाखवा त्यांना. पांढरं म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार आणि तांबडं म्हणजे गंज, दोन्ही प्लगच्या कडेतून बाहेर आलंय म्हणजे पाणी तिथून झिरपतंय आणि उष्णतेनं वाळून मागं हे उरतंय. हा प्लग बाहेरून गंजत नाही, आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्रा कागदाएवढा पातळ राहिलेला, काढल्यावर बोटानं दाबलं तर बोट आरपार जातं असे प्लग मी कितीतरी हातात घेतलेत.

कूलंटचं अर्धं काम थंडीचं असतं, अर्धं गंजाचं आणि उकळण्याचं, आणि आपल्याकडं हे दुसरं अर्धंच महत्त्वाचं. त्यातली गंजरोधक औषधं ब्लॉक, प्लग, रेडिएटर सगळ्यांवर पातळ थर धरून ठेवतात. आणि ट्रकच्या इंजिनात बऱ्याच वेळा लायनर ओले असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरून सरळ पाणी फिरतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंडाचे कण उडवत राहतात, टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडत पडत एक दिवस लायनर आरपार होतो आणि पाणी तेलात उतरतं. डिझेल ट्रकच्या कूलंटमध्ये हे अडवायचं औषध घातलेलं असतं, साध्या पाण्यात काहीच नसतं. मालकांना म्हणावं, कूलंटचे पैसे वाचवून लायनर किट आणि ओव्हरहॉलिंगचे पैसे जमवताय.

घ्यायचं ते डिझेल ट्रकसाठीचं घ्या, कारचं नको, आणि रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल-निळं हे कंपनी आपापल्या मर्जीनं घालते. दोन वेगळ्या जातीची एकत्र केली तर औषधं एकमेकांना मारतात, कधी कधी गाळ धरतो. आधी बोअरचं पाणी पूर्ण काढा, रेडिएटरचा कॉक उघडून भागत नाही, ब्लॉकचाही कॉक असतो तो उघडायचा, निम्मं पाणी ब्लॉकातच बसलेलं असतं. साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवून घ्या, मग कूलंट. तयार मिसळलेलं घ्या, नाहीतर घट्टवालं घेऊन त्यात बॅटरीत घालतो ते पाणी मिसळा. नुसतं बॅटरीचं पाणी मात्र घालू नका, औषधाशिवाय तेही लोखंड खातंच. इतकी वर्षं बोअरचं पाणी चाललेल्या ब्लॉकला धुतल्यावर एखादा प्लग गळायला लागला तर कूलंटला दोष देऊ नका, तो आधीच गेलेला होता, क्षारानं भोक बुजवून ठेवलं होतं इतकंच.

आणि वहिनी, एक तुम्हालाच सांगतो कारण अंगणात तुमचं लक्ष असतं. काढलेलं कूलंट उघडं ठेवायचं नाही, अंगणात ओतायचं नाही. चवीला गोड लागतं आणि विषारी आहे, कुत्रं, वासरू चाटतं आणि मरतं, लहान पोरांना पण तेवढीच भीती. झाकणाच्या डब्यात भरून लांब ठेवायला सांगा.

मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय आणि संध्याकाळी उद्यमबागेजवळ एका गॅरेजात शिकतोय. प्लग काढायचा आणि बसवायचा बरोबर प्रकार कुठला? गॅरेजात प्रत्येकजण वेगळं सांगालाय.
विद्यार्थी, बेळगाव

पोरा, चांगलं विचारलंस. हे काम दहा मिनिटांचं समजून करतात म्हणून परत परत येतं.

पाणी पूर्ण काढ. जुन्या प्लगच्या मधोमध भोक पाडून आत ठोकत बसू नकोस, सरळ आत गेला तर वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे पाण्याच्या पोकळीत, पडतो आणि मग चुंबक घेऊन तास-तास शोधत बसावं लागतं. बोथट पंच प्लगच्या एका कडेला, आतल्या बाजूनं ठेव आणि हळू मार. एक कड आत गेली की समोरची कड बाहेर येते, प्लग भोकात आडवा फिरतो. तो आडवा झाला की बाहेर आलेली कड पक्कडीत धर आणि ब्लॉकवर टेकू न देता ओढून काढ. टेकू दिलास तर भोकाच्या तोंडावर खाच पडते आणि नवा प्लग तिथूनच झिरपणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं भोक. जुनं सील, गंज, रंग सगळं काढ, बारीक पॉलिश पेपर गोल गोल फिरव, आडवा ओढू नकोस कारण आडव्या ओरखड्यातून पाणी वाट काढतं. बोटाचं नख फिरवून बघ, अडकलं तर अजून काम बाकी आहे. आतला गाळ पण ह्याच वेळी काढ, तारेनं खरवडून पाण्यानं धू. मागच्या सिलिंडरभोवती तो जास्त साचतो आणि तो तिथं राहिला की नवा प्लग पण लवकर खातो. भोक व्हर्नियरनं माप, जुना प्लग मापू नकोस, तो काढताना दबलेला असतो. भोक गंजून मोठं झालं असेल तर ओव्हरसाइज प्लग मिळतो, मोठ्या भोकात साधा प्लग आणि वर भरपूर सीलंट हा जुगाड उडतोच. खानापूरच्या मालकांच्या गाडीला पण हेच झालेलं असू शकतं.

साधा पोलादी, पितळी आणि स्टेनलेस असे प्लग मिळतात. पितळ गंजत नाही, मऊ असल्यामुळं बसतं पण छान, माझी पसंती त्यालाच, मापात मिळत असेल तर. स्टेनलेस टिकतो पण कडक, भोक जरा वाकडं असेल तर धरत नाही.

कप प्रकारचा प्लग असेल तर उघडी बाजू बाहेर, बंद बाजू आत. भोकाच्या कडेला आणि प्लगच्या बाहेरच्या भिंतीला पातळ सीलंट, अँटीफ्रीझ सहन करणारं, नुसतं सिलिकॉन थापू नकोस, ते आत लोंबतं आणि तुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं. मग कपाच्या आत सैलसर बसणारा सॉकेट नाहीतर प्लगचा ड्रायव्हर घे, तो कपाच्या तळाच्या कडेवर टेकला पाहिजे. तळाच्या मध्यावर ठोकलंस तर तळ आत दबतो, भिंती आत ओढल्या जातात आणि पकडच जाते, कारण हा प्लग धरतो तो भिंतीच्या घट्टपणावर, सीलंटवर नाही. सरळ, समान, कड ब्लॉकच्या चॅम्फरच्या (भोकाच्या तिरक्या कापलेल्या कडेच्या) किंचित आत जाईपर्यंत. तिरका गेला तर सरळ करत बसू नकोस, काढ आणि दुसरा घे.

जुन्या काही इंजिनांना फुगीर चकतीचा प्लग असतो त्याला मात्र उलटं, फुगीर बाजू बाहेर ठेवायची आणि मध्यावरच ठोकायचं म्हणजे चकती चपटी होऊन कडेला पसरते. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळंच तुझ्या गॅरेजात प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

सीलंटच्या डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा वाळू दे. मग कूलंट हळूहळू भर, हवा अडकू देऊ नकोस, थंडपणी प्रेशर लावून बघ, गाडी गरम करून थंड झाल्यावर परत एकदा बघ. गिऱ्हाईक घाई करणार, करू दे. ब्लॉक ओव्हरहॉलिंगला लेथवर जात असेल तर सगळे प्लग काढून आतून धुवून घ्यायला सांग आणि सगळे नवे टाक, त्या वेळी काही जड जात नाही.

रात्री घाटात प्लग गेला तर काय करायचं? आमच्यात हळद टाकतात, काहीजण एम-सील लावतात.
ड्रायव्हर, संकेश्वर

अण्णा, पहिलं इंजिन बंद. पाणी गेल्यावर काट्यावर भरवसा ठेवू नका, सेन्सरभोवती पाणीच उरलं नाही तर काटा खाली दाखवतो आणि इकडं हेड तापून वाकत असतं. लगेच गार पाणी पण ओतू नका, तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की हेड तडकतं. गाडी कडेला, उटी, त्रिकोण, लाईट, आणि अर्धा-पाऊण तास शांत बसा.

हळद रेडिएटरच्या सुईएवढ्या भोकाला कधी कधी धरते, मान्य. प्लग उडालेल्या भोकाला काही करत नाही आणि बाकीच्या बारीक नळ्यांत मात्र जाऊन बसते, मग पुढं गाडी कायमची तापते. एम-सील झिरपणाऱ्या प्लगला चालतं, तेसुद्धा इंजिन थंड, जागा कोरडी आणि घासून स्वच्छ केलेली असेल तरच, आणि जवळच्या गॅरेजापर्यंतच. गॅरेजापर्यंत पोचायला खरं औषध म्हणजे पेटीत आपल्या इंजिनाच्या मापाचा रबरी एक्स्पान्शन प्लग ठेवायचा, भोक पुसून आत घालून नट आवळायचा, पाच मिनिटांचं काम. तोही नसेल तर लाकडाचा खुंटा कापड गुंडाळून ठोका, टोपण सैल ठेवा म्हणजे दाब धरणार नाही, पण दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळतं हे लक्षात ठेवा. बेळगाव भाग समुद्रापासून साडेसातशे मीटरवर, इथं उघड्यावर पाणी ९७-९८ डिग्रीलाच उकळतं. म्हणून हळू, भार कमी, आणि पहिलं गॅरेज दिसेल तिथं थांबा, हत्तरगी टोलपर्यंत जातंय बघू असं करत बसू नका.

गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या मधून खाली पाणी ठिबकतंय. गिअरबॉक्सला तर पाणी नसतं. प्लग सगळे बघितले, कोरडे आहेत.
गॅरेजचालक, गोकाक

सगळे नाही बघितले. ब्लॉकच्या मागच्या तोंडाला, फ्लायव्हीलच्या आड पण प्लग असतो, तो गळाला की पाणी बेल हाउसिंगमध्ये (क्लचवरच्या घुमटासारख्या कवचात) उतरतं आणि खालच्या भोकातून ठिबकतं. बोटावर घेऊन बघा, तेलकट असेल तर तो कॅमशाफ्टचा प्लग नाहीतर क्रँकचं सील. पाणी असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, दुसरा रस्ता नाही, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट बघून घ्या. उलट कधी क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरवला तर मागचे प्लग न गळताही बदलून टाका, गिऱ्हाइकाला आधी विचारून, म्हणजे परत तीच मजुरी त्याच्या बोकांडी बसत नाही.

मी माजी सैनिक. लेहला असताना थंडीत रात्री गाडीचं पाणी काढून टाकायचो आणि सकाळी गरम पाणी भरायचो. आता मुलानं बीएस-६ ट्रक घेतलाय, लडाखची भाडी घ्यायची म्हणतोय. तसंच करायला सांगू का?
येळ्ळूर

काका, नमस्कार. तुम्ही करत होता ते साध्या पाण्याच्या गाडीला बरोबर होतं. आताच्या इंजिनाला ते सांगू नका. ऑइल कूलर, कॉम्प्रेसर, हीटर, ईजीआर कूलर अशा इतक्या जागा आहेत की कॉक उघडला तरी कुठंतरी पाणी उरतंच, आणि उरलेलं तेवढं पाणी गोठून तेवढाच भाग फोडतं. शिवाय ओलं लोखंड रात्रभर हवेवर राहिलं की गंज धरतो. त्यापेक्षा निघायच्या आधी बेळगावातच कूलंट मोजून निम्मं-निम्मं, नाहीतर जास्तीत जास्त ६० टक्क्यांपर्यंत करून घ्यायला सांगा, नवं टोपण बसवा, होज आणि प्लग बघून घ्या. टोपणाचं तिकडं जास्तच महत्त्व, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, उघडं पाणी तिथं ८८ डिग्रीच्या आसपास उकळतं, म्हणजे रात्री गोठायची भीती आणि दुपारी चढाला उकळायची.

बीएस-६ ला डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी, पण असतं, ते उणे ११ ला गोठतं. टाकीत गोठलेलं डीईएफ बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्याच गरम पाण्यावर वितळतं, म्हणून कूलंट कमी झालं की ती सोयही बंद पडते. डीईएफची टाकी काठोकाठ भरू नये, गोठल्यावर फुगायला जागा लागते. डिझेल थंडीत घट्ट होतं, त्यात रॉकेल घालायची जुनी सवय ह्या गाडीला अजिबात चालणार नाही, इंजेक्टर आणि सायलेन्सरमधली यंत्रणा दोन्ही जातील. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल काढलंय, ते उणे ३३ डिग्रीपर्यंत वाहतं राहतं, इकडून नेलेली डिझेलची टाकी जेवढी रिकामी करून तिकडं ते भरता येईल तेवढं बरं. फार थंड देशांत ब्लॉकचा एक कोअर प्लग काढून त्याच भोकात विजेचा हीटर बसवतात, रात्री प्लगपिनला जोडला की इंजिन सकाळी कोमट असतं. मुलाची भाडी कायमची तिकडचीच होणार असतील तर आपल्या इंजिनाला असा हीटर येतो का ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून ठेवा, आणि बसवायचाच तर बर्फ पडायच्या आधी, इथंच.